तेवीसशे वर्षं न मोडलेला कोंबडा

मराठी घरात वयात आलेला मुलगा आरशासमोर पाच मिनिटांहून जास्त रेंगाळला की मागून कोणीतरी विचारतंच, ‘सिनेमात काम मिळालंय वाटतं?’ त्याच्या हातात जेलची डबी असली तर प्रश्नाला आणखी धार चढते. वडिलांच्या लेखी ती उधळपट्टी, आजीच्या लेखी डोक्याला फासलेला चिकटा आणि शाळेच्या लेखी सरळसरळ शिस्तभंग. खोबरेल चापून, पाण्याचा हात फिरवून, भांग पाडून चप्प बसवलेले केस म्हणजे चांगल्या घरचं पोर. पुढचे केस उभे करून कोंबडा काढला की पोरगं हातचं गेलं. तेल आणि जेल यांच्यात फरक एका अक्षराचा, पण मुलाची वर्तणूक ठरवताना ‘जेल’चा तुरुंग हा दुसरा अर्थच खरा असावा, असा मोठ्यांचा पवित्रा असतो.

टीव्हीवरच्या जाहिरातींनी आणलेलं हे नवं खूळ, ही या रागामागची समजूत. ती किती भुसभुशीत आहे, हे आयर्लंडमधल्या एका माणसाच्या डोक्याकडे बघितलं की कळतं.

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर राष्ट्रीय संग्रहालयाचा पुरातत्त्व विभाग आहे. तिथल्या ‘राजेपद आणि बळी’ या दालनात गोल भिंतींचे आडोसे उभारलेत आणि प्रत्येक आडोशामागे काचेखाली एकेक माणूस आहे. भिंतीला वळसा घालून आत जायचं की बाहेरूनच परतायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यांतल्या एका आडोशामागे क्लोनीकॅव्हनचा माणूस पडलेला आहे. कमरेखालचं शरीर नाही. कातडी जुन्या चामडी पिशवीसारखी तपकिरी, चेहरा दबलेला, नाक चेपलेलं. तरी नजर खिळते ती केसांवर. तांबूस, दाट आणि जागच्या जागी. मागचे आखूड कापलेले, बाकीचे लांब केस वर ओढून डोक्यावर रचलेले. ते तसेच राहावेत म्हणून त्यानं त्यांना काहीतरी लावलं होतं. ते लावलेलं अजून केसांत आहे.

हा माणूस मेला इसवी सनापूर्वी ३९२ ते २०१ या दरम्यान. आपल्याकडचा साधारण मौर्यांचा काळ. २००३च्या सुरुवातीला मीथ परगण्यात, बॅलिव्हर गावाजवळ, पीट काढायच्या यंत्रात तो सापडला. त्याचं खालचं शरीर बहुधा यंत्रानंच तोडलं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेला, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर. वाळवला की तो जळणाला येतो. कित्येक आयरिश पिढ्यांचा स्वयंपाक त्याच्यावर झाला, पुढे वीजकेंद्रंही त्याच्यावर चालली.

ही दलदल एखाद्या लोणच्याच्या बरणीसारखी वागते. आत आंबटपणा भरपूर, हवेला वाव नाही आणि वर गारठा. कुजवणाऱ्या जिवाणूंचं तिथे काही चालत नाही. हाडांतलं कॅल्शियम आम्लात विरघळतं, पण कातडी कमावलेल्या चामड्यासारखी होते आणि केस, नखं टिकतात. केसांचा मूळ रंग मात्र राहत नाही, तो तांबूस होत जातो. तेव्हा लाल केस बघून ‘हा अस्सल आयरिश’ म्हणायची घाई करू नये.

आता त्या लावलेल्या पदार्थाकडे येऊ. संशोधकांनी तपासलं तेव्हा त्यात दोन गोष्टी मिळाल्या, वनस्पतीचं तेल आणि पाइनच्या झाडाची राळ. व्हायोलिनच्या गजाला घासतात ती राळ याच जातकुळीतली. तेलानं केस मऊ होऊन वळतात, राळेनं वळवलेले तसेच धरून राहतात. म्हणजे आजच्या डबीत जी दोन कामं दोन वेगवेगळी रसायनं करतात, ती त्या माणसानं स्वयंपाकघर आणि जंगल यांच्या जिवावर उरकली होती. पण खरी गंमत राळेच्या गावात आहे. ती आयर्लंडची नव्हती. फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग किंवा स्पेनचा उत्तर किनारा, तिथल्या झाडांची ती राळ. कोणीतरी झाडाला चीर पाडली, चीक गोळा केला, तो बंदरावर आला, होडीत चढला, खवळलेला अटलांटिक पार करून आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला आणि मीथमधल्या एका माणसाच्या डोक्यावर पोचला. आयर्लंडमध्ये त्या काळात लिहिलेला शब्द एकही नाही. व्यापाराचा हा पुरावा केसांनी जपला.

इतकी लांबून आलेली वस्तू रोजच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर असणार नाही, हा तर्क पटण्याजोगा आहे. हा माणूस वरच्या थरातला असावा. त्याच्या डोक्यात कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे घाव आहेत, म्हणजे त्याला ठरवून मारलेलं आहे. त्याच वर्षी काही महिन्यांनी ऑफली परगण्यात ओल्ड क्रोगनचा माणूस सापडला. त्याचं डोकं नाही, पण नखं नीट राखलेली, तळव्यांवर कष्टाच्या खुणा नाहीत आणि दंडाला विणलेल्या चामड्याचा पट्टा. तेव्हा संग्रहालयात आयरिश पुरावस्तूंचे प्रमुख असलेले एमन केली यांनी दोघांचा एकत्र विचार करून एक सिद्धान्त मांडला. ही माणसं राजे होती किंवा राजेपदाचे दावेदार. पीक बुडालं, रोगराई आली की भूमीदेवतेशी लग्न लागलेला राजा नालायक ठरायचा. मग त्याचा बळी देऊन त्याला राज्याच्या सीमेवरच्या दलदलीत पुरायचे. सिद्धान्त देखणा आहे आणि देह प्राचीन सीमांजवळ सापडतात या निरीक्षणाचा त्याला आधारही आहे. सगळ्या अभ्यासकांना तो सगळा पटलेला नाही.

दुसरी एक गोष्ट वर्तमानपत्रांनी जास्तच उचलून धरली. क्लोनीकॅव्हनचा माणूस बुटका होता, जेमतेम पाच फूट दोन इंच, म्हणून उंच दिसायला त्यानं केस वर बांधले. वाचायला मजा येते. पण ज्या माणसाचे पायच सापडले नाहीत, त्याच्या उंचीचा अंदाज आणि त्या अंदाजावरून त्याच्या मनातला न्यूनगंड, ही जरा दोन मजले चढवलेली कथा आहे. त्याला कदाचित तसे केस आवडतही असतील. तेवीसशे वर्षांनंतरही पुरुषानं आरशात बघितलं की त्यामागे काहीतरी कमतरता शोधायची आपली खोड जात नाही.

त्या लांब केसांचा एक उपयोग मात्र त्यालाही ठाऊक नव्हता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि माणूस जे खातो त्याची रासायनिक नोंद त्यात होत राहते. केसांच्या तपासणीवरून मरणाआधीच्या काही महिन्यांत त्याचं जेवण मुख्यतः धान्य-भाजीचं होतं, हे कळलं. त्याचं डोकं चकोट असतं तर हे कळलं नसतं.

हा माणूस एकटा नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये इजिप्तमधल्या १८ ममींचे केस तपासले. निम्म्या, म्हणजे ९ जणांच्या केसांवर चरबीसारख्या पदार्थाचा थर निघाला. ती माणसं जिवंतपणी जशी केशरचना करत, तशीच मेल्यावरही राहावी म्हणून तो लावलेला असावा. रोमन काळातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहून गेलाय की आजच्या फ्रान्समधले गॉल लोक चुन्याच्या पाण्यानं केस धुतात आणि मागे ओढतात, त्यामुळे ते घोड्याच्या आयाळीसारखे जाड नि ताठ होतात. चुन्याची निवळी आपल्याकडे औषधात होती; गॉल तरुण ती डोक्यावर घेत होते. त्या लेखकाच्या सुरातली नापसंती आजच्या कुठल्याही मुख्याध्यापकाला आपली वाटेल अशी आहे.

आजचं जेल उघडून बघितलं तर त्यात बहुतेक पाणीच असतं. ते पाणी पळीवाढं न राहता थिजल्यासारखं दिसतं ते कार्बोमर नावाच्या दाट करणाऱ्या पदार्थामुळे. केस धरून ठेवायचं काम बऱ्याचदा पीव्हीपी हे पॉलिमर करतं. पीव्हीपीचा शोध १९३० च्या दशकात जर्मनीत लागला आणि युद्धकाळात जखमी सैनिकांना रक्तद्रवाऐवजी देण्यासाठी ते वापरलं गेलं. सैनिकांच्या शिरांतून निघून ते पुढच्या दशकात केशभूषेच्या फवाऱ्यात आलं. ओले केस हवे तसे वळतात, कारण पाण्यानं केसांतले हायड्रोजनचे कमकुवत बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. त्या आकारावर पॉलिमरचा पातळ पापुद्रा चढतो. हाताला केस काड्यांसारखे कडक लागतात तो हा पापुद्रा. संध्याकाळी खांद्यावर पांढरं पडतं तेही बऱ्याचदा त्याचेच तुकडे असतात, आई कोंडा म्हणून लिंबू घेऊन मागे लागते ती वेगळी गोष्ट.

जेलनं टक्कल पडतं, ही भीतीही मूळ धरून आहे. त्वचेतून बाहेर आलेला केस जिवंत नसतो आणि जेल त्याच्यावर बसतं. कोणाला त्यातल्या सुगंधाची किंवा अल्कोहोलची खाज येऊ शकते. त्यांनी ते लावू नये. केस मागे घट्ट ओढून रोज बांधले तर मुळांवर ताण येऊन ते विरळ होतात हे खरं, पण त्यात दोष ओढण्याचा.

पीव्हीपीला एक वाईट खोड आहे. ते हवेतला ओलावा शोषतं. दमट हवेत पापुद्रा मऊ पडतो, चिकटतो आणि सकाळचा कोंबडा दुपारी कपाळावर लोळतो. कोकणात जून लागला की हे कोणत्याही कॉलेजच्या बसथांब्यावर बघायला मिळतं. आयर्लंडमध्ये जून लागायची वाट बघावी लागत नाही. तिथे भुरभुर पाऊस बाराही महिने असतो आणि लोक त्याला लाडानं ‘मऊ दिवस’ म्हणतात. नोकरीसाठी डब्लिनला गेलेल्या मराठी तरुणाचा जेलवरचा विश्वास उडतो तो त्या मऊ दिवसांतच. क्लोनीकॅव्हनच्या माणसाचं मिश्रण याबाबतीत सरस होतं. तेल आणि राळ दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. आयर्लंडच्या हवेसाठी केलेलं जेल कोणतं, असं विचारलं तर निकाल त्याच्याच बाजूनं लागेल. ते धुऊन काढायला मात्र त्याचे हाल झाले असणार.

घरी जेल करायचं असेल तर मराठी स्वयंपाकघरात त्याची सोय आधीच आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायचे आणि ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाण्याला बुळबुळीतपणा येतो, पळी उचलली की तार लोंबते आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी दिसायला लागतं. तेव्हाच उतरवून, गरम असतानाच जुन्या पातळ फडक्यातून गाळायचं. गार झाल्यावर ते फडक्यातून हलायला तयार नसतं, हा धडा प्रत्येक जण एकदा शिकतो. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, पुढे त्याला वास येतो. विदर्भात ज्याची चटणी होते, कुठे कुठे ज्याला अळशी म्हणतात, तेच हे बी. गंमत म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाचं बरंचसं वैभव याच झाडावर उभं राहिलं. जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून लिनन विणतात, आणि एके काळी बेलफास्टला लिननची राजधानीच म्हणत. आपण त्या झाडाचं बी खाल्लं, त्यांनी त्याचं खोड नेसलं. आयरिश किनाऱ्यावरच्या खडकांवर कॅरागीन नावाचं लालसर शेवाळही मिळतं. ते दुधात उकळून तिथे खीर थिजवतात आणि त्यातूनच निघणारा पदार्थ टूथपेस्ट, शाम्पू यांना दाटपणा आणायला जगभर जातो.

इथवर सगळं मजेत चाललंय. पण आयर्लंडमध्ये केसांची गोष्ट फार वेळ मजेत राहत नाही.

मध्ययुगीन आयरिश पुरुष पुढचे केस दाट वाढवून कपाळावर, थेट डोळ्यांवर सोडायचे. या झुलप्यांना ‘ग्लिब’ म्हणत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानं १५२१ मध्ये काढलेल्या आयरिश सैनिकांच्या चित्रात ते दिसतात. इंग्रज राज्यकर्त्यांना हे झुलपे खुपत. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत कायदा झाला. त्याचं नावच इंग्रजी रीत, पेहराव आणि भाषा यांच्यासाठीचा कायदा असं होतं. त्यानुसार ग्लिब ठेवायला बंदी आली, आयरिश पद्धतीच्या मिशांना बंदी आली. भाषा आणि केस एकाच कायद्यात बसवले गेले यातच सगळं आलं. कॉर्क परगण्यात जमीन मिळवून राहिलेला कवी एडमंड स्पेन्सर यानं १५९६ च्या सुमारास आयर्लंडच्या बंदोबस्तावर एक पुस्तकच लिहिलं. त्यात त्याची तक्रार अशी की ग्लिबमुळे चोराला तोंड लपवता येतं. झुलपे पुढे ओढले की ओळख पटत नाही आणि कापून टाकले की माणूसच बदलतो. हेल्मेट, हूडी आणि लांब केस यांच्याबद्दल पोलिस चौकीवर आजही हेच ऐकू येतं.

मग १७९८ साल उजाडलं. फ्रेंच क्रांतीनं भारलेले युनायटेड आयरिशमन इंग्रज सत्तेविरुद्ध उठले. सरदारांचे पावडर लावलेले टोप आणि लांब केस नाकारायचे म्हणून त्यांच्यातल्या अनेकांनी केस अगदी आखूड कापले. त्यावरून त्यांना ‘क्रॉपी’ हे नाव पडलं. आता आखूड केस दिसले की संशय. सरकारी फौजेचे लोक संशयिताच्या डोक्यावर उकळत्या डांबरानं भरलेली कागदी टोपी दाबून बसवायचे आणि डांबर थिजलं की ती केसांसकट, कातडीसकट ओढून काढायचे. डब्लिनमध्ये क्रॉपीज एकर नावाची मोकळी जागा त्या बंडातल्या मृतांच्या स्मरणार्थ राखलेली आहे.

अडीचशे वर्षांत गुन्हा लांब केसांवरून आखूड केसांवर आला, आणि केस तपासणारा तोच राहिला. लांबी कधीच मुद्दा नव्हती. स्वतःच्या डोक्याचं काय करायचं हे माणसानं स्वतः ठरवावं, हेच खुपत होतं. आणि ज्या देशात आयरिश केसांना कायद्यानं बंदी होती, त्याच देशात आज आयरिश नृत्याच्या स्पर्धेला मुली कुरळ्या बटांचा विग घालून उतरतात. पूर्वी रात्रभर केस चिंध्यांना गुंडाळून त्या बटा पाडायच्या; आता त्या डब्यात मिळतात.

विसाव्या शतकात प्रकरण डबीत आलं. १९२८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम तयार झालं. पाणी, खनिज तेल आणि मधमाशांचं मेण यांचं ते मिश्रण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना बाकीचे सैनिक ‘ब्रिलक्रीम बॉइज’ म्हणून चिडवत. खंदकातल्या चिखलात लोळणाऱ्याला चकाचक केसांचा वैमानिक डोळ्यांत खुपणारच. आयर्लंड युद्धात तटस्थ होतं आणि तिथे उतरावं लागलेल्या दोन्ही बाजूंच्या वैमानिकांना सरकारनं किल्डेअर परगण्यातल्या करा छावणीत शेजारी-शेजारी कुंपणांत ठेवलं होतं. १९९८ च्या ‘द ब्रिलक्रीम बॉइज’ या चित्रपटाची गोष्ट त्याच छावणीत घडते. त्या छावणीतला एक खरा कैदी रोलंड वुल्फ. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याचं स्पिटफायर डोनेगलच्या दलदलीत कोसळलं, तो हवाई छत्रीनं उतरला आणि पकडला गेला. डिसेंबरमध्ये तो निसटून बेलफास्टला पोचला, तर ब्रिटिशांनीच आयर्लंडची तटस्थता राखायला त्याला परत छावणीत धाडलं. त्याचं विमान २०११ मध्ये दलदलीतून उकरून काढलं तेव्हा त्यातली एक मशीनगन साफसूफ केल्यावर चालली. आयर्लंडच्या मातीत पडलेली वस्तू सहजासहजी हार मानत नाही.

मुंबईलाही ब्रिलक्रीमचा एक चेहरा मिळाला होता. दादर पारशी कॉलनीत वाढलेला यष्टिरक्षक फारुख इंजिनियर १९६० च्या दशकात त्याच्या जाहिरातीत झळकला. आजोबांच्या पिढीला तो रुबाब आठवत असेल. नातवाच्या जेलवर डाफरणाऱ्या कित्येक आजोबांच्या लग्नातल्या फोटोत देव आनंदछाप फुगा डोक्यावर दिमाखात बसलेला दिसतो, हे घरातल्या कोणीतरी अल्बम काढून एकदा दाखवायला हवं.

आयर्लंडनं नंतर बॉयझोन, वेस्टलाइफ असे गायकांचे ताफे जगाला दिले आणि त्यांच्यामागे पोरांनी डबेच्या डबे जेल रिचवलं. पण कोंबड्याची कमाल केली ती डब्लिनजवळच्या ल्युकनच्या जुळ्या भावांनी. जॉन आणि एडवर्ड ग्राइम्स, म्हणजे जेडवर्ड. २००९ मध्ये ब्रिटनच्या एक्स फॅक्टर कार्यक्रमात ते आले ते डोक्यावर सरळ आकाशात गेलेले सोनेरी केस घेऊन. गाणं बेताचं, हे त्यांचे चाहतेही कबूल करतील. परीक्षक वैतागले, वर्तमानपत्रांनी टर उडवली, आणि त्या केसांनी दोघांना घरोघरी पोचवलं. २०११ च्या युरोव्हिजन स्पर्धेत ते आयर्लंडतर्फे गेले आणि आठवे आले. पुढे २०१९ मध्ये कर्करोगानं त्यांची आई गेली. २०२१ मध्ये आयरिश दूरचित्रवाणीच्या ‘लेट लेट शो’मध्ये त्या दोघांनी आयरिश कॅन्सर सोसायटीच्या निधीसाठी ते जगप्रसिद्ध केस सगळ्यांसमोर काढून टाकले. इतकी वर्षं ज्यांना थिल्लर म्हणून हसण्यावारी नेलं, त्यांच्या केसांची किंमत त्या रात्री लोकांना कळली.

मराठी माणसाला आयर्लंड परका नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर यांचा मुलगा लिओ तिथला पंतप्रधान झाला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तो वराडला येऊनही गेला. पण तिथल्या इतिहासातला केसांचा धडा इथे पोचलेला दिसत नाही. प्रार्थनेच्या रांगेतून मुलाला बाहेर काढायचं, सगळ्यांसमोर केसांतून वेडीवाकडी कात्री फिरवायची आणि तसंच वर्गात बसवायचं, असे प्रकार आपल्याकडे अधूनमधून बातम्यांत येतात. पालकांपैकी कित्येक जण शिक्षकांचे आभार मानतात. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केलीय. चार मुलांसमोर डोकं विद्रूप करणं यांतल्या कशात बसतं, असा वाद कोणाला घालायचा असेल तर दोन्हींत बसतं, एवढंच उत्तर आहे.

शाळेला नियम करायचा हक्क नाही, असं कोणी म्हणत नाही. डोक्यात उवा असू नयेत, केस डोळ्यांवर येऊन फळा दिसेनासा होऊ नये, प्रयोगशाळेत बर्नरजवळ लांब केस बांधलेले असावेत. या नियमांना कारण आहे आणि ते मुलाला सांगता येतं. ‘जेल लावलंस म्हणजे तुझं अभ्यासात लक्ष नाही’ याला कारण नाही. तेल लावून नापास झालेल्यांची संख्या या राज्यात काही कमी भरणार नाही. कंपन्याही साधुसंत नाहीत हे उघड आहे. जेल लावलं की मुली मागे येतील, असं सोळा वर्षांच्या मुलाला विकणाऱ्या जाहिरातींचा समाचार जरूर घ्यावा. तो घ्यायचा धीर नसला की राग मुलाच्या डोक्यावर निघतो.

आपल्याकडे एक जुना दाखला आहे. मुंबईत १८९० मध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांचं केशवपन करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्याच्या डोक्यावर वस्तरा चालवणं हाच ज्यांचा पोटाचा धंदा, त्यांनी तो कुठे चालवायचा नाही हे ओळखलं होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तेवढं तरी मुख्याध्यापकांना जमावं.

उन्हाळ्यात डब्लिनला मुलाकडे, मुलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी एक दुपार किल्डेअर स्ट्रीटसाठी राखून ठेवावी आणि नातवाला सोबत न्यावं. संग्रहालयाला तिकीट नाही.